कुड्याची साल : एका टीपेचा इतिहास

‘मेघदूत’ शिकवताना कुटजाची फुले चौथ्याच श्लोकात भेटतात. रामगिरीवरचा विरही यक्ष समोर आलेल्या मेघाला ताज्या कुटजपुष्पांचे अर्घ्य देतो आणि मग त्याच्याशी बोलू लागतो. आपल्या वर्गांमधून या ठिकाणी ‘कुटज म्हणजे कुडा’ एवढी टीप दिली जाते आणि अध्यापन पुढे सरकते. आषाढाचा पहिला दिवस की शेवटचा, या पाठभेदावर अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. कुडा कोणता, हा प्रश्न मात्र काव्याच्या अभ्यासकाला पडण्याचे कारण नसते. अर्घ्याला कोणतेही पांढरे फूल चालण्यासारखे असते.

औषधाला मात्र कोणतीही साल चालत नाही. कुड्याची साल ही अतिसारावर आणि रक्ती आवेवर आपल्याकडे शतकानुशतके दिली जाणारी साल आहे, आणि गेल्या दोन दशकांत ती एका वेगळ्याच कारणासाठी प्रयोगशाळांच्या टेबलावर आली आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविरुद्ध तिचा काही उपयोग होईल का, याचा शोध घेतला जात आहे. अशा संशोधनाची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ ही एक, आणि ‘झाडपाल्याने कुठे असले जंतू मरतात का’ ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रियांना घाई झालेली असते. या सालीचा इतिहास थोडा निगुतीने वाचला, तर असे दिसते की परंपरा खरी की खोटी हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न ‘कोणती साल?’ हा आहे, आणि तो जितका वैद्यकाचा तितकाच शब्दांच्या अभ्यासाचाही आहे.

नाव आणि रूप

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात कुटजाला शक्र, वत्सक आणि गिरिमल्लिका असे पर्याय दिले आहेत आणि त्याच्या फळाला म्हणजे बीजाला इंद्रयव म्हटले आहे. आपण घरात ज्याला इंद्रजव म्हणतो तो हाच. कोशकाराचे काम येथे संपते. चरकसंहितेचे काम मात्र संपत नाही. तिच्या कल्पस्थानातील पाचवा अध्याय वत्सकाचाच आहे आणि तेथे कुटजाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, तुकतुकीत पानांचा तो पुरुष-कुटज. सावळी, तांबूस फुलांची, बारीक फळांची ती स्त्री-कुटज. म्हणजे एका नावाखाली किमान दोन झाडे वावरतात, ही गोष्ट संहिताकाराला पक्की माहीत होती.

मराठी बोलीलाही ती माहीत आहे. सह्याद्रीच्या उतारांवर पांढरा कुडा आणि काळा कुडा अशी दोन झाडे लोक वेगवेगळी ओळखतात. पांढऱ्या कुड्याला वनस्पतिशास्त्रज्ञ आज ‘हॉलारेना प्यूबेसन्स’ म्हणतात, काळ्याला ‘राइटिया टिंक्टोरिया’. दोन्ही झाडे चिकाची आणि पांढऱ्या सुवासिक फुलांची. दोहोंनाही जोडीने लांब शेंगा लागतात. पण काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. पांढऱ्या कुड्याचे बी आणि साल जहर कडू, म्हणून तो ‘कडू इंद्रजव’. काळ्याचे बी ‘गोडे इंद्रजव’. पांढरा कुडा हा चरकाचा पुरुष-कुटज, याविषयी फारसा मतभेद नाही. स्त्री-कुटज म्हणजे काळा कुडाच का, हे मात्र निर्विवाद नाही, कारण काळ्या कुड्याची फुले तांबूस नसतात. संहितेतील वर्णन आणि रानातील झाड यांच्यात असा एक सांधा राहून गेला आहे.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात या सांध्याविषयी फार मार्मिक विवेचन आहे. वनस्पतींना नावाने आणि रूपाने गुराखी, मेंढपाळ, धनगर आणि वनवासी ओळखतात. पण केवळ नाव आणि रूप ओळखल्याने कोणी त्यांचा उपयोग जाणत नाही, असे तेथे म्हटले आहे. याचा एक अर्थ वैद्याच्या अधिकाराचा आहे. दुसरा अर्थ असा, की नाव-रूपाचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे गेल्यावाचून वैद्याचे पाऊल पुढे पडत नाही. हिंदीत हजारीप्रसाद द्विवेदी यांनी ‘कुटज’ नावाचा प्रसिद्ध ललित निबंध लिहिला, त्यातही नाव मोठे की रूप मोठे हा विचार येतो. निबंधकाराला तो प्रश्न अनिर्णित ठेवता येतो. औषध देणाऱ्याला ती मुभा नसते.

गोव्याहून ॲमस्टरडॅमपर्यंत

कुड्याचे नाव युरोपीय ग्रंथात गेले ते गोव्यातून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला आणि गोव्यातच राहिला. त्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याची दोन वैशिष्ट्ये रुचावीत. एक म्हणजे तो संपूर्ण ग्रंथ संवादरूप आहे, आणि दुसरे म्हणजे पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे. ओर्ताने हगवणीवरील एका मलबारी औषधीचे वर्णन केले आहे. स्थानिकांकडून ऐकलेला ‘कोरु’ हा तिचा उच्चार त्याने नोंदवला, आणि त्यात आपला ‘कुडा’ स्पष्ट ऐकू येतो. ओर्ता १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू कुळातला म्हणून १५८० मध्ये धर्मन्यायपीठाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र तोपर्यंत लॅटिन संक्षेपाच्या रूपाने युरोपभर पोचला होता.

त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे कोचीनचा डच गव्हर्नर व्हान र्‍हेड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टुस मलाबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. इट्टी अच्युतन हा मलबारचा वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण यांनी या ग्रंथासाठी माहिती पुरवली. या तिघांचे प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापले आहे. नागरी अक्षरांच्या मुद्रणाचा इतिहास शिकवताना हे पान आपण आवर्जून दाखवायला हवे. याच ग्रंथात कुडा ‘कोडगपाल’ या मलयाळम नावाने सचित्र आला आहे. चित्र होते, स्थानिक नाव होते, उपयोग होता आणि माहिती देणाऱ्यांची सही होती. ओळख पटवण्यासाठी लागणारे सर्व काही एका जागी आले होते.

घोळ झाला तो याच्या पुढे. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना द्विपदी नावे दिली तेव्हा त्याने श्रीलंकेतील एका झुडपाचे आणि मलबारातील कुड्याचे वर्णन एकाच नावाखाली घातले, आणि ते नावही ‘आव हटवणारे’ अशा अर्थाचे ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ब्राउनने राइटिया आणि हॉलारेना या जाती वेगळ्या केल्या, पण तोवर व्यापाराची गाडी पुढे गेली होती. युरोपच्या औषधबाजारात ही साल ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेलिचेरी साल’ या नावाने जात होती आणि तिच्यात काळ्या कुड्याची साल सर्रास मिसळलेली असे. काळ्या कुड्याच्या सालीत तो गुण जवळजवळ नाही. रुग्णाला गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी दोष सालीला दिला आणि तिचे नाव तेथील औषधसूचींतून मागे पडले. मुंबईचे विल्यम डायमॉक आणि त्यांचे सहकारी यांनी १८९०च्या दशकात पूर्ण केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात सालीच्या अपकीर्तीचे हेच कारण दिले आहे.

या घोळाचा एक विनोदी अवशेष आजही उरला आहे. नामकरणाच्या नियमांनुसार ‘आव हटवणारे’ हे विशेषण अखेर श्रीलंकेच्या त्या झुडपाकडेच राहिले आहे. पुण्यातल्या रोपवाटिकांत शोभेसाठी विकत मिळणारे पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे ते झुडूप शास्त्रीय नावाने आव हटवते, आणि खरोखर आवेवर दिला जाणारा कुडा नुसताच ‘लवयुक्त’ म्हणून नोंदला गेला आहे.

मराठी हातांतून

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुड्याचा अभ्यास मुंबई इलाख्यात नव्याने उभा राहिला. १८५८ मध्ये मुंबईत हेन्स या रसायनज्ञाने या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले. तेच पुढे कोनेसीन म्हणून ओळखले गेले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली आणि पश्चिम भारतातील झाडांच्या ओळखीला एक भक्कम पाया मिळाला.

मराठीच्या अभ्यासकाला या संदर्भात एक नाव ओळखीचे वाटायला हवे. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’वरून १८८४ साली ‘इंदिरा’ हे काव्य लिहिणारे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आपल्या वाङ्मयेतिहासात अर्वाचीन कवितेच्या उषःकालातील एक कवी म्हणून येतात. हेच कीर्तिकर लष्करी वैद्यकसेवेत अधिकारी होते, आणि त्यांनी आयुष्यभर भारतीय औषधी वनस्पतींचा अभ्यास केला. १९१७ साली ते निवर्तले. पुढच्या वर्षी बी. डी. बसू यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा सचित्र ग्रंथ अलाहाबादहून प्रकाशित झाला. आजही औषधी वनस्पतीवरचा शोधनिबंध उघडावा तर संदर्भांत ‘कीर्तिकर आणि बसू’ बहुधा सापडतातच. कवी कीर्तिकर आणि वनस्पतींचे कीर्तिकर हे एकच गृहस्थ, हे दोन्ही शाखांतल्या अभ्यासकांना सहसा ठाऊक नसते. १९२७ मध्ये डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ निघाला आणि संस्कृत नाव, देशी नाव, शास्त्रीय नाव, रासायनिक घटक आणि उपयोग हे सगळे मराठीत एका ठिकाणी आले. परिभाषा घडवण्याचे हे काम आपल्या गद्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे.

याच सुमारास कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी कुड्याची, त्यांच्या भाषेत ‘कुर्ची’ची, रुग्णांवर तपासणी करत होते. त्यांनी सालीतील सर्व अल्कलॉइडे एकत्र ठेवून त्यांचे बिस्मथ-आयोडाइडशी संयुग केले आणि अमीबाजन्य आवेत त्याचा उपयोग होतो असे १९३३ मध्ये मांडले. पुढे शुद्ध कोनेसीनही वापरून पाहिले गेले. पण त्याने काही रुग्णांना झोप न लागणे, भोवळ, अस्वस्थता असे मज्जासंस्थेचे त्रास होऊ लागले. मग मेट्रोनिडाझोल आले आणि कुड्याची साल आधुनिक वैद्यकातून दुसऱ्यांदा बाहेर गेली.

पिंपरी आणि तपानंतरचा प्रश्न

सालीला विसरायला लावणारे ते युग पुण्याने अगदी जवळून पाहिले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र देशाने आपल्या माणसांसाठी आपल्या भूमीवर हे औषध तयार करावे, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या रोगांनी घरेच्या घरे रिकामी होत, ते रोग या औषधांनी आटोक्यात आले.

पण पेनिसिलीनचा जनक अलेक्झांडर फ्लेमिंग याने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की औषधाची मात्रा अपुरी दिली तर जंतू त्याला सरावतील. हे सरावणे किती सांघिक असू शकते ते कळले जपानमध्ये, आणि कळले ते नेमके आवेच्या जीवाणूवरून. १९५०च्या दशकात तेथे शिगेला या जीवाणूंवर चार-चार औषधे एकदम निकामी ठरू लागली. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की ही प्रतिकारशक्ती एका जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेही जाते. तिचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे एक छोटे कडे. ज्या दुखण्यावर आपल्याकडे कुड्याची साल ताकात उगाळून देत, त्याच दुखण्याच्या जंतूने प्रतिजैविकांच्या युगाला त्याची मर्यादा दाखवली.

आज ही मर्यादा केवढी झाली आहे, त्याचा एक अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंमुळे झाले, असे त्यात म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अग्रक्रमाच्या यादीत औषधरोधी शिगेलाही आहे आणि रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात ठाण मांडणारा ॲसिनेटोबॅक्टरही आहे.

सालीची नवी भूमिका

या पार्श्वभूमीवर कुडा पुन्हा तपासला जाऊ लागला. २००४ साली चेन्नईच्या संशोधकांनी त्याच्या अल्कलॉइडांचा हगवण घडवणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंवर परिणाम होतो असे दाखवले. २०१६ आणि २०१७ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी याहून वेगळी गोष्ट मांडली. औषधरोधी जीवाणू पुष्कळदा आपल्या पेशीत शिरलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकतात. कोनेसीन हे अल्कलॉइड ॲसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास या जीवाणूंमधील या उपशाला अडथळा करते आणि त्यामुळे निष्प्रभ झालेली काही जुनी प्रतिजैविके पुन्हा काम करू लागतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. येथे सालीचे काम जंतू मारण्याचे नाही. मारण्याचे काम प्रतिजैविकच करते. सालीतले द्रव्य त्याची वाट मोकळी करते.

पुण्यातील संशोधकांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. २००८ साली त्यांच्या एका गटाने कडू करांद्याच्या कंदातून एक द्रव्य वेगळे केले आणि ते अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमधील प्लाझ्मिडच नाहीसे करते असे दाखवले. प्रतिकाराचे वाहनच गेले की जीवाणू पुन्हा औषधाच्या माऱ्यात येतो. २०१० मध्ये बाळगुटीतल्या मुरुडशेंगेवरही त्यांनी असेच काम प्रसिद्ध केले. कंद आणि शेंग म्हणजे साल नव्हे, हे खरे. परंतु वनस्पतीकडून जंतुनाशकाची अपेक्षा न करता प्रतिकार मोडणाऱ्या साहाय्यकाची अपेक्षा करणे, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

अमेरिकेतील २०००च्या एका संशोधनाने या दृष्टीला आणखी एक बाजू दिली होती. दारुहळदीच्या कुळातील एका झुडपातले बर्बेरीन हे द्रव्य जीवाणू बाहेर फेकतो. पण त्याच झुडपात असे एक दुसरे द्रव्य असते, की जे तो पंप बंद पाडते. एकटे काढले तर पहिले द्रव्य दुबळे आणि दुसरे निरुपयोगी ठरते. यावरून ‘संपूर्ण साल नेहमीच श्रेष्ठ’ असे मात्र सिद्ध होत नाही. कोनेसीनने रुग्णांना दिलेला त्रास आपण पाहिलाच. काचेच्या बशीत जीवाणू नरम पडणे आणि माणसाच्या रक्तात ते घडणे यांत वर्षांचे आणि कठोर चाचण्यांचे अंतर असते. ते अंतर कुड्याने अजून पार केलेले नाही. म्हणून औषधरोधी संसर्ग झालेल्या माणसाला काढा सुचवणे हे परंपरेचे पालन नसून त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

पाठचिकित्सेचे काम

कुडा दोनदा टाकून दिला गेला. दुसऱ्यांदा त्याची जागा अधिक चांगल्या औषधाने घेतली, ते रास्तच झाले. पहिल्यांदा मात्र तो तपासला न जाताच बाद झाला, कारण जे तपासले ते भलतेच झाड होते. हा धोका टळलेला नाही. बाजारात ‘कुटजत्वक्’ म्हणून येणाऱ्या मालात काळ्या कुड्याची भेसळ आजही आढळते, आणि कोणत्या झाडाची साल वापरली याचा नमुना वनस्पतिसंग्रहात न ठेवता केलेला प्रयोग म्हणजे हस्तलिखिताचा ठावठिकाणा न देता छापलेला पाठ होय. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय येथील वाळवलेल्या फांद्यांचे संग्रह याच कामासाठी असतात.

ज्या शहरात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती जवळजवळ अर्धशतक खपून १९६६ मध्ये पूर्ण केली, त्या शहराला हे निराळे सांगायला नको. पोथ्या जुळवल्यावाचून पाठ ठरत नाही, आणि पाठ ठरल्यावाचून अर्थाची चर्चा व्यर्थ असते. निघंटूतील नाव, बोलीतील नाव, रानातले झाड आणि बाटलीतला अर्क ही एकाच पाठाची चार साधने आहेत, आणि ती जुळवण्यासाठी संस्कृत-मराठी जाणणारा माणूस प्रयोगशाळेला लागतो. आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे काम खुले आहे.

ते लवकर व्हायला हवे, कारण रूपाचे साधन वेगाने नाहीसे होत आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण वर्तुळात सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जाऊ शकत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते; मुळाची साल घ्यायची तर झाडच उपटावे लागते. पांढरा कुडा कोणता आणि काळा कोणता, हे शेंग पाहून सांगणारी माणसे मावळात आणि कोकणात अजून आहेत. ती पावसाळ्यात कुड्याच्या फुलांची भाजी करतात आणि आवेसाठी पाळ, म्हणजे मूळ, नेमके कोणत्या झाडाचे घ्यायचे हे जाणतात. ‘मेघदूता’तल्या कुटजावर टीप लिहिताना तीत पांढरा कुडा, त्याची सुटी जोडशेंग आणि कडू इंद्रजव एवढे तीन शब्दप्रयोग वाढवले, तर विद्यार्थ्याला ते झाड सिंहगडाच्या वाटेवर ओळखता येईल.